उन्हाळ्याचा ड्रम हिवाळ्यात घडतो

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे आणि विषयही आपल्या तालुक्याचा नाही, थेट अमेरिकेतला आहे. चहा घेऊन निवांत वाचा. शेवटी आपल्या दारात येऊन थांबू.

आपल्याकडच्या अनेक घरांतली मुलं-मुली आता अमेरिकेत स्थायिक आहेत. त्यांची पोरं तिथल्या शाळेत शिकतात आणि त्यातली काही शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये असतात. आजी-आजोबांच्या मोबाइलवर व्हिडिओ येतो. झगझगीत गणवेश, गळ्यात ड्रम, मागे कुणीतरी झेंडे फिरवतंय, लाकडी बंदूक हवेत उडवून झेलतंय. कौतुक होतं, चार जणांना पाठवलाही जातो, पण हा नेमका काय प्रकार आहे ते कुणाला नीट ठाऊक नसतं.

या शाळेच्या बँडच्या वरची एक पायरी आहे. तिला म्हणतात ड्रम कोर. पूर्वीचं पूर्ण नाव ड्रम अँड ब्यूगल कोर. आजच्या मोठ्या पथकात १५० च्या आसपास तरुण-तरुणी असतात, वय साधारण २१-२२ पर्यंत. पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि कलर गार्ड, म्हणजे झेंडे, लाकडी बंदुका, तलवारी घेऊन नाचणारा गट. बासरी, क्लॅरिनेट वगैरे काही नाही. फुटबॉलच्या मैदानावर ११-१२ मिनिटांचं एक सादरीकरण, आणि तेच घेऊन जून ते ऑगस्ट गावोगावी फिरायचं. दिवसभर उन्हात सराव, संध्याकाळी स्पर्धा, रात्री बसमध्ये झोप, पहाटे पुढच्या गावातल्या शाळेच्या जिममध्ये अंथरूण टाकून उरलेली झोप. ऑगस्टमध्ये अंतिम स्पर्धा. २००९ पासून ती इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होते.

आता प्रश्न बघा. हा सगळा खेळ उन्हाळ्याच्या सुट्टीचा. ऑगस्ट संपला की पोरं आपापल्या कॉलेजात, दहा राज्यांत पांगलेली. मग पुढच्या जूनमध्ये इतकं बारीक, इतकं एकसारखं काम उभं राहतं कसं? हात विसरत नाहीत? शिकवणारे टिकतात कसे? आणि गेल्या ५० वर्षांत अशी शेकडो पथकं बंद पडली, तरी ही कला अजून जिवंत कशी?

या प्रश्नांच्या उत्तरातला मोठा भाग हिवाळ्यात आहे. बाहेर बर्फ पडत असताना शाळेच्या बंदिस्त बास्केटबॉल हॉलमध्ये जे चालतं, त्यात.

आधी थोडा इतिहास

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी १९१९ मध्ये अमेरिकन लीजन ही माजी सैनिकांची संघटना काढली. गावोगावी तिच्या शाखा झाल्या. युद्धातून उरलेले ब्यूगल आणि ड्रम होते, ते वाजवणारे हात होते. शाखांची पथकं निघाली, मग त्यांच्या स्पर्धा सुरू झाल्या. पुढे मुलांची पथकं आली. कुणाला लीजनच्या शाखेचा आधार, कुणाला चर्चचा, कुणाला स्काउटचा, कुणाला पोलिसांच्या बॉइज क्लबचा. न्यू जर्सीतल्या गारफिल्डच्या एका चर्चमधून १९३४ मध्ये कॅडेट्स निघालं. मॅडिसन स्काउट्स १९३८ चं. शिकागोत १९४८ मध्ये एका स्काउट तुकडीतून डॉन वॉरन यांनी कॅव्हलियर्स उभं केलं. ओहायोतल्या कँटनमध्ये १९७२ साली पोलिस बॉइज क्लबचं पथक निघालं, त्याचं नावच ब्लूकोट्स, पोलिसांच्या निळ्या कोटावरून.

म्हणजे ही गल्लीतली, वस्तीतली पथकं होती. कारखान्यात काम करणाऱ्यांची पोरं. गणवेश शाखेनं द्यायचा, ड्रम वर्गणीतून यायचा.

स्पर्धेचे नियम मात्र माजी सैनिकांच्या संघटना ठरवायच्या. नियम लष्करी शिस्तीचे. बक्षिसाची रक्कम त्यांच्या हातात. पथकं चालवणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना हे जाचायला लागलं. १९७१ मध्ये काही मोठी पथकं एकत्र आली आणि त्यातून ड्रम कोर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, ही पथकांची स्वतःची संघटना निघाली. पहिली अंतिम स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावात झाली. जिंकलं कॅलिफोर्नियाचं अनाहाइम किंग्जमेन.

ही झाली उन्हाळ्याची गोष्ट. हिवाळ्याची गोष्ट शेजारीच घडत होती.

उत्तरेकडच्या राज्यांत चार-पाच महिने मैदान वापरता येत नाही. वादक घरी बसून थोडाफार सराव करू शकतो, पण झेंडेवाल्यांनी काय करायचं? सहा फुटी काठी घेऊन घराच्या हॉलमध्ये फिरवली तर पंखा-दिवा काही शिल्लक राहायचा नाही. म्हणून पथकांच्या कलर गार्डनी हिवाळ्यात चर्चचे हॉल, लष्करी कवायतखाने, शाळांचे जिम गाठले. सुरुवातीला हेतू एवढाच होता की पोरं एकत्र राहावीत आणि हात चालू राहावा. मग आपसात स्पर्धा सुरू झाल्या. त्यांचे नियमही लष्करी. राष्ट्रध्वजाला मान कसा द्यायचा, पाऊल कसं पडलं पाहिजे, याचे गुण. आणि प्रत्येक भागाचे नियम वेगळे. पूर्वेच्या गार्डला पश्चिमेत नेलं तर परीक्षा वेगळ्याच पुस्तकातून.

१९७७ मध्ये या क्षेत्रातली काही जाणती माणसं एकत्र बसली आणि विंटर गार्ड इंटरनॅशनल, म्हणजे डब्ल्यूजीआय, स्थापन झालं. सगळ्या देशाला एक नियमपुस्तिका. १९७८ मध्ये पहिली अंतिम स्पर्धा. १९९३ पासून त्यात तालवाद्यांची, म्हणजे इनडोअर ड्रमलाइनची, स्पर्धा आली. २०१५ मध्ये फुंकवाद्यांचीही आली. आज दर एप्रिलमध्ये ओहायोतल्या डेटन शहरात शेकडो गट जमतात.

संस्थापकांत एक नाव होतं डॉन अँजेलिका. हेच गृहस्थ डीसीआयच्या परीक्षकांचेही प्रमुख होते. आज उन्हाळ्याच्या अंतिम स्पर्धेत एकूण परिणामासाठी जो पुरस्कार देतात, तो त्यांच्या नावाचा आहे. सर्वोत्तम कलर गार्डचा पुरस्कार जॉर्ज झिंगाली यांच्या नावाचा. झिंगाली १९८०च्या दशकात कॅडेट्सच्या मैदानावरच्या रचना करत आणि हिवाळी गार्डसाठीही काम करत. म्हणजे ऑगस्टच्या दोन मोठ्या पुरस्कारांवर हिवाळ्यात काम केलेल्या माणसांची नावं आहेत. दोन ऋतूंचं नातं किती जुनं आणि किती जवळचं आहे ते यातून कळतं.

फायदा नेमका कसा होतो?

हे नीट समजून घेऊ, कारण "सराव केला की फायदा होतोच" एवढंच म्हणून चालणार नाही.

पहिली गोष्ट जागेची. अमेरिकन फुटबॉलचं मैदान दोन्ही टोकांसह १२० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून थोडं जास्त रुंद. बास्केटबॉलचं मैदान ९४ फूट बाय ५० फूट. हिशोब केला तर मोठं मैदान लहानाच्या बारा पट भरतं. मैदानावर प्रेक्षक लांब, वर बसलेला. एका पोराची काठी जरा वाकडी गेली तर दीडशेच्या गर्दीत खपून जाते. जिममध्ये पहिल्या रांगेतला प्रेक्षक चार पावलांवर. परीक्षक त्याहून जवळ येऊ शकतो. तिथं बोटं दिसतात, मान दिसते, चेहऱ्यावरची भीती दिसते. लाकडी बंदूक हातातून सुटली तर अख्ख्या हॉलला आवाज ऐकू जातो. लपायला जागाच नाही.

शिवाय आत वारा नाही. वाऱ्यात झेंडा चुकला तर "वारा होता" म्हणता येतं. आत चुकला तर हात चुकला. चार-पाच महिने अशा ठिकाणी घासलेला मुलगा किंवा मुलगी जूनमध्ये मैदानावर येते तेव्हा तंत्र बसलेलं असतं. मग फक्त वाऱ्याशी जमवून घ्यायला शिकायचं राहतं. दोन्ही गोष्टी एकदम शिकाव्या लागत नाहीत.

दुसरी गोष्ट कानाची. ही मला सगळ्यात भारी वाटते.

आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. मैदानाच्या एका गोल रेषेपासून दुसऱ्या गोल रेषेपर्यंत १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर. तेवढं अंतर कापायला आवाजाला पाव सेकंदाहून जास्त वेळ लागतो. लय मिनिटाला १८० मात्रांची असेल तर एक मात्रा सेकंदाच्या एक तृतीयांश एवढी. म्हणजे पलीकडच्या टोकाचा वादक ज्या क्षणी वाजवतो, ते इकडे ऐकू येईपर्यंत जवळजवळ अख्खी मात्रा निघून गेलेली असते. कानाला जे ऐकू येतं त्यावर वाजवलं तर पथक फाटतं. मिरवणुकीत लांबच लांब पथकाचं पुढचं टोक आणि मागचं टोक कधी कधी वेगळं वाजतं, त्याचं एक कारण हेच. म्हणून ड्रम कोरमध्ये कुणी कुणाचं ऐकायचं, कुणी हातवाऱ्यांकडे बघायचं, कुणी पावलातली लय धरायची, याचं काटेकोर शिक्षण असतं.

जिममध्ये हेच अंतर जास्तीत जास्त २९ मीटरच्या आसपास. फरक सेकंदाच्या बाराव्या भागाएवढा. आणि स्नेअर ड्रमची रांग तर खांद्याला खांदा लावून उभी. अशा वेळी दोन टिपऱ्या एकत्र पडल्या की नाही ते स्पष्ट ऐकू येतं. बास ड्रमचं तर आणखी कठीण. पाच जणांकडे पाच वेगवेगळ्या आकाराचे ड्रम, आणि एकच ओळ पाच जणांत वाटलेली. एकानं एक ठोका, दुसऱ्यानं पुढचा, तिसऱ्यानं त्याच्या पुढचा. ऐकणाऱ्याला मात्र एकाच माणसानं वाजवल्यासारखं वाटलं पाहिजे. हॉलमध्ये भिंतींवरून आवाज घुमतो, त्यामुळे वाजवणं स्वच्छ नसेल तर सगळा चिखल होतो. या घोळातून वाट काढलेले कान मोकळ्या मैदानावर येतात तेव्हा "एकत्र वाजणं" म्हणजे काय याचं माप त्यांच्या डोक्यात पक्कं असतं.

तिसरी गोष्ट शिकवणाऱ्यांची. याबद्दल फारसं बोललं जात नाही. उन्हाळ्याचं काम अडीच-तीन महिन्यांचं. त्यावर कुणाचं घर चालत नाही. शरद ऋतूत शाळेचा मार्चिंग बँड, हिवाळ्यात गार्ड किंवा ड्रमलाइन, उन्हाळ्यात कोर, असं जोडत गेलं तर त्या माणसाला वर्षभर याच कामात राहता येतं. चांगला शिक्षक दुसरीकडे नोकरी धरून निघून जात नाही. कोणतीही कला टिकते ती शिकवणारा टिकला म्हणून. आपल्या तमाशापासून भजनी मंडळापर्यंत हे आपण पाहिलेलंच आहे.

चौथी गोष्ट नव्या कल्पनांची. उन्हाळ्याचं पथक म्हणजे मोठं जहाज. दीडशे पोरं, बसचा ताफा, सामानाचे ट्रक, स्वयंपाकाची गाडी. त्यात प्रयोग फसला तर सगळा हंगाम गेला. हिवाळी गट लहान. संगीत रेकॉर्ड केलेलं, सादरीकरण लहान, खर्च कमी. तिथं धाडस परवडतं. गार्डमध्ये बॅले आणि आधुनिक नृत्य आलं, गोष्ट आली, पात्रं आली, रंगवलेली जमीन आली. सगळ्या बास्केटबॉल मैदानावर पसरेल एवढा एक चित्र काढलेला मोठा पडदा ओढत आणायचा, त्यावर सादरीकरण करायचं, आणि ठरलेल्या वेळेत तो गुंडाळून बाहेर पडायचं. वेळ चुकली तर गुण कापतात. या गोष्टी जिममध्ये मुरल्या आणि मग मैदानावर उतरल्या. आजचा ड्रम कोरचा कार्यक्रम १९७२ च्या कार्यक्रमाशेजारी ठेवला तर एक कवायत वाटते आणि दुसरं नाटक. या बदलात हिवाळ्याचा वाटा मोठा आहे.

आता कुणी म्हणेल, एवढ्या बारकाव्यानं काय फरक पडतो? तर या स्पर्धेत गुण १०० पैकी असतात आणि वरच्या पथकांतला फरक बऱ्याचदा दशांशात असतो. १९९६ मध्ये ब्लू डेव्हिल्स आणि फँटम रेजिमेंट यांचे गुण समान झाले, दोघांना विजेते घोषित करावं लागलं. १९९९ मध्ये ब्लू डेव्हिल्स आणि सांता क्लारा व्हॅनगार्ड. २००० मध्ये कॅडेट्स आणि कॅव्हलियर्स. जिथं निकाल असा लागतो तिथं एका झेलानं, एका ठोक्यानं सुद्धा फरक पडतो. त्यामुळेच अनेक कोरनी स्वतःचे हिवाळी गट काढले. कॅव्हलियर्सचं, फँटम रेजिमेंटचं, ब्लू डेव्हिल्सचं स्वतःचं विंटर गार्ड होतं. डेन्व्हरच्या ब्लू नाइट्सची इनडोअर ड्रमलाइन १९९०च्या दशकात गाजली.

सगळं गोड गोड आहे का? नाही.

एक तर फायदा सगळ्यांना सारखा नाही. झेंडेवाले आणि ड्रमवाले मे महिन्यात कोरमध्ये येतात ते सहा महिने गटात काम करून. पितळी वाद्यंवाल्यांना अशी हिवाळी शाळा फार उशिरा मिळाली. फुंकवाद्यांची स्पर्धा २०१५ मध्ये सुरू झाली आणि तिचा पसारा अजून गार्ड किंवा ड्रमलाइनएवढा नाही. त्यांना शाळा-कॉलेजच्या बँडवरच अवलंबून राहावं लागतं. तिथं वाजवायला शिकतात, पण धावत-पळत, वाकत, उडी मारत वाजवायला नाही.

दुसरं, जुने रसिक नाराज असतात. त्यांचं म्हणणं, आम्ही ब्यूगलचा दणका ऐकायला येतो, तुम्ही नाटक दाखवता. हिवाळ्यानं उन्हाळा गिळला, अशी त्यांची तक्रार. तिच्यात तथ्य अजिबात नाही असं म्हणता येणार नाही. पण सैनिकी कवायतीवर अडून राहिलं असतं तर आजचा १८ वर्षांचा मुलगा किंवा मुलगी त्यात आली असती का, हाही प्रश्न विचारायला हवा.

तिसरं, शरीराचं. वर्षभर तीच मनगटं, तेच खांदे, तेच गुडघे. शरद, हिवाळा, उन्हाळा, तिन्ही हंगाम करणाऱ्या मुलाला विश्रांती मिळते ती दोन-चार आठवडे. एप्रिलमध्ये डेटन आणि मेमध्ये कोरच्या सरावाला हजर. फायद्याच्या हिशोबात हा खर्चही मांडला पाहिजे.

आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं. पैसा.

वर लिहिलं ते आठवा. ही पथकं वस्तीतल्या पोरांसाठी निघाली होती. आज मोठ्या कोरमध्ये एका उन्हाळ्याची फी बऱ्याच ठिकाणी ५,००० डॉलरच्या वर जाते. त्या पैशात बस, जेवण, शिक्षक सगळं येतं, पण कमावण्याचे तीन महिने पोराला सोडून द्यावे लागतात ते वेगळंच. डीसीआय सुरू झालं तेव्हा उत्तर अमेरिकेत मुलांची शेकडो पथकं होती. आज वरच्या श्रेणीत वीसच्या आसपास उरली आहेत, आणि खालच्या श्रेणीत त्याहून कमी. चर्चनं हात काढला, लीजनच्या शाखा म्हाताऱ्या झाल्या, इंधन आणि विमा महागला. कॅलिफोर्नियातली मोठी पथकं वर्षानुवर्षं बिंगोचे खेळ चालवून पैसे उभे करत आली. तरीही सांता क्लारा व्हॅनगार्ड, २०१८ चं विजेतं पथक, पैशांच्या अडचणीमुळे २०२३ च्या हंगामात उतरू शकलं नाही. ते २०२४ मध्ये परत आलं. पण त्याच २०२४ मध्ये १९३४ पासून चालत आलेलं कॅडेट्स बंद पडलं. गैरवर्तनाच्या जुन्या आरोपांवरून झालेला कोर्टाचा दावा आणि त्याचा खर्च पेलणं संस्थेला शक्य झालं नाही. मुलांच्या सुरक्षिततेकडे दुर्लक्ष झालं की त्याची किंमत कधी ना कधी मोजावीच लागते, मग संस्था ९० वर्षांची का असेना.

या पार्श्वभूमीवर हिवाळ्याचं महत्त्व नुसतं तंत्रापुरतं राहत नाही. हिवाळी गट गावात असतो. मूल रात्री घरी झोपतं. शाळा सुटत नाही. फी कोरच्या मानानं कितीतरी कमी, आणि शाळेचाच गट असेल तर आणखी कमी. ज्याला ५,००० डॉलर झेपत नाहीत, त्या मुलाला ही कला भेटते ती इथं. त्यातली काही जण पुढे कोरमध्ये जातात. बरीच जात नाहीत, आणि तरी त्यांचं काही बिघडत नाही. गल्लीतल्या पथकांनी जी जागा सोडली, ती बऱ्याच अंशी आता या जिममधल्या गटांनी भरून काढली आहे. वरच्या पायरीवर गर्दी टिकायची असेल तर खालची पायरी शाबूत हवी, हे साधं गणित.

२०२० मध्ये कोरोना आला तेव्हा हे उघडं पडलं. मार्चमध्ये डब्ल्यूजीआयची अंतिम स्पर्धा रद्द, मग डीसीआयचा पूर्ण हंगाम रद्द. २०२१ मध्ये कोर परतले पण विजेतेपदाची स्पर्धा झालीच नाही. आधी हिवाळा बुडाला, पाठोपाठ उन्हाळा बुडाला. साखळीतली एक कडी तुटली की पुढची लोंबकळते, हे सगळ्यांनी एकदम पाहिलं.

आता आपल्या दारात

हे सगळं चालतं कशावर, याचा विचार करताना मला एक गोष्ट ठळक दिसते. शाळेच्या जिमचा दरवाजा उघडा असतो. करदात्यांच्या पैशातून बांधलेला हॉल शाळा सुटल्यावर आणि शनिवार-रविवारी मुलांना मिळतो. पालक तिकिटं विकतात, खाण्याचे स्टॉल लावतात, त्यातून गटाचा खर्च निघतो. उन्हाळ्यात प्रवासाला निघालेले कोर झोपतात तेही अशाच शाळांत. सरकारनं फार मोठी योजना काढलेली नाही. इमारत होती, ती वापरू दिली.

आपली ढोल-ताशा पथकं गणपतीच्या आधी दीड-दोन महिने जीव तोडून सराव करतात. तोही भर पावसात, जिथं जागा मिळेल तिथं, आवाजाच्या तक्रारी सोसत. विसर्जन झालं की बऱ्याच ठिकाणी ढोल गुंडाळून ठेवले जातात ते पुढच्या आषाढापर्यंत. तक्रार करणाऱ्यांचंही चुकत नाही, घरात म्हातारी माणसं असतात, अभ्यासाची पोरं असतात. पण मग मधल्या आठ-नऊ महिन्यांत बंद हॉलमध्ये, कमी माणसांत, सरावाच्या पॅडवर हात घासता येणार नाही का? पॅडचा आवाज शेजारच्या घरातही जात नाही. नवीन पोरांना तिथं शिकवता येईल. शिकवणाऱ्याला चार पैसे वर्षभर मिळतील. शाळांचे, नगरपालिकेचे, समाजमंदिरांचे हॉल आठवड्यातले किती दिवस कुलपात असतात, ते ज्यानं त्यानं आपल्या गावात बघावं.

अमेरिकेची नक्कल करा असं मी म्हणत नाही. त्यांची फी, त्यांची दमछाक, त्यांच्या चुका त्यांच्यापाशी राहू देत. घेण्यासारखं एवढंच आहे की उत्सवाच्या दहा दिवसांत जे दिसतं ते उरलेल्या दिवसांत घडलेलं असतं, आणि त्या दिवसांसाठी कुणीतरी कुलूप उघडावं लागतं.

तुमच्या गावात असा हॉल आहे का? कुणाच्या ताब्यात आहे आणि किती दिवस बंद असतो? पथकातल्या पोरांनी आणि जुन्या वादकांनी खाली जरूर लिहा. नगरपालिकेत हा विषय न्यायचा तर आकडे हातात हवेत, आणि ते तुमच्याकडेच आहेत.